डाळ, दूध, भात, ऊस: 'आवर वर्ल्ड इन डेटा'च्या फूड टूलचा रिव्ह्यू

आपण जे खातो ते पिकवताना पर्यावरणावर किती भार पडतो हे आकड्यांत बघायचं असेल तर माझ्या मते 'आवर वर्ल्ड इन डेटा'चं फूड टूल सगळ्यात चांगलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, डेटा डाउनलोडही करता येतो. साइट ऑक्सफर्डशी जोडलेल्या संशोधकांची आहे. टूलचा पाया म्हणजे जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास, त्यात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केलीये. म्हणजे कुणीतरी अंदाजाने काढलेला चार्ट नाही हा.

वापरायचं सोपं आहे, पदार्थ निवडायचे आणि काय मोजायचं ते निवडायचं. हरितगृह वायू, जमीन, पाणी, आणि अजून एक, खतं वगैरे वाहून जाऊन नद्या-तलावांत पोषकद्रव्यं किती साचतात ते. हे शेवटचं लोक बघतच नाहीत, पण पंचगंगेत नाहीतर उजनीत जलपर्णी माजलेली ज्यांनी पाहिलीये त्यांनी ते आवर्जून उघडावं, आपल्याकडे सांडपाण्याचा वाटा मोठा आहे हे खरंच पण शेतातून वाहून येणारं खतही त्यातच मिळतं.

आता आकडे. किलोमागे बघितलं तर बीफ जवळजवळ १०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं, मेंढीचं मटण ४० च्या आसपास, चिकन १० च्या आतबाहेर, तांदूळ साधारण साडेचार, दूध तीनच्या थोडं वर, डाळी दोनच्याही खाली. इथपर्यंत कुणी फारसं चमकत नाही. खरी गंमत वरचं बटण बदलून 'किलोमागे'च्या जागी '१०० ग्रॅम प्रोटीनमागे' केलं की आहे. दूध साडेनऊवर जातं आणि चिकन पावणेसहाच्या आसपास राहतं! घरी आम्ही शाकाहारी, प्रोटीन म्हटलं की दूध-पनीर, त्यामुळे हा चार्ट मी नीट वेळ देऊन बघितला. डाळी मात्र तिथेही ०.८ च्या आसपास. म्हणजे वरण-भातातलं वरण वाढवा, मटकी-चवळीची उसळ आठवड्यातून जास्त वेळा करा, एवढं तरी या चार्टवरून बिनधास्त म्हणता येतं. कारणही सरळ आहे, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे युरिया कमी लागतो, आणि युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून जास्त पट तापवणारा वायू आहे.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे टप्प्यांचा चार्ट. एकेका पदार्थाची पट्टी रंगांत तोडून दाखवलीये: जंगल तोडून केलेली जमीन, शेत, पशुखाद्य, प्रक्रिया, वाहतूक, पॅकिंग, दुकान. वाहतुकीचा रंग बहुतेक पट्ट्यांत शोधावा लागतो. आपल्याकडे 'लोकल खा, पर्यावरण वाचवा' हे इतकं ऐकवलं जातं की हा एक चार्ट प्रत्येकाने बघायलाच हवा. लोकल खावं, शेतकऱ्याला पैसे मिळतात, माल ताजा मिळतो, सगळं मान्य, पण हवामानाच्या हिशोबात माल किती लांबून आला त्यापेक्षा ताटात काय आहे हे बहुतेक वेळा जास्त महत्त्वाचं. विमानाने येणारा नाजूक माल सोडून, तो महाग पडतो.

आता तक्रारी, आणि माझ्यासाठी या मोठ्या आहेत. यादीत गहू आहे, मका आहे, ओट्स आहेत, कसावासुद्धा आहे, पण ज्वारी नाही, बाजरी नाही, नाचणी नाही. तूर, मूग, मसूर, मटकी सगळं 'इतर कडधान्यं' या एकाच नावाखाली. दूध एकच, म्हशीचं वेगळं नाही. मटण म्हणजे मेंढी, बोकड नाही. 'विशिष्ट उत्पादनं' असा दुसरा भाग आहे पण तो ब्रिटन-आयर्लंडच्या सुपरमार्केटमधल्या वस्तूंवर केलेला, आपल्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

त्याहून मोठा मुद्दा सरासरीचा. तांदळाला किलोमागे सव्वादोन हजार लिटर पाणी दिसतं. हे नदी, धरण, बोअरमधून उपसलेलं पाणी आहे, पावसाचं यात धरत नाहीत. मग कोकणातला पावसावरचा भात? तिथे उपसा जवळजवळ नाहीच, खाचरात साचतो तो पाऊस. त्या साचलेल्या पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून मिथेन निघतो हे खरं, तो हिशोब कोकणालाही लागू, पण पाण्याचा आकडा तसाच्या तसा लावला तर अन्याय होतो. उसाचं नेमकं उलटं. कृषी मूल्य आयोगाने म्हटलं होतं की महाराष्ट्रात ऊस ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावर, पण सिंचनाचं पाणी जवळजवळ ७० टक्के घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो जिल्हासुद्धा उसाचाच. टूलमध्ये साखरेची पट्टी बघा, पनीरच्या जवळचं म्हणून चीज बघा, चीजपुढे साखर अगदी किरकोळ दिसते. लातूरच्या माझ्या मामांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं, हा आकडा जगाचा आहे, आमच्या विहिरीचा नाही." एकदम बरोबर. टूलमध्ये पाणीटंचाई धरून मोजलेला वेगळा पर्याय आहे, पाण्यासाठी तोच वापरा, पण तोही शेवटी जगाची सरासरीच.

आणि हे अभ्यासकांनीच दाखवलंय की एकाच पदार्थात शेतागणिक प्रचंड फरक पडतो, बीफमध्ये चांगल्या आणि वाईट शेतांत १२ पटींपर्यंत. म्हणून आपली मोजणी आपल्याकडेच व्हायला हवी. राहुरी, परभणी, अकोला, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत राज्यात, जिरायत ज्वारी, ठिबकवरचा ऊस, पाटपाण्यावरचा ऊस, गोठ्यातली म्हैस असं वेगवेगळं मोजून मराठीत असं एक टूल लोकांसमोर ठेवलं तर शेतकरीही वापरतील आणि आम्हीही, मला हे मनापासून हवंय.

माझ्याकडून ५ पैकी ४. शाळा-कॉलेजात पर्यावरण शिकवणाऱ्यांनी तर नक्की वापरा, फक्त मुलांना किलो आणि प्रोटीन दोन्ही चार्ट दाखवा, एकच दाखवला तर चित्र अर्धवट राहतं. फोनपेक्षा कॉम्प्युटरवर उघडा, पट्ट्या नीट दिसतात. भाषा इंग्रजी आहे पण शब्द थोडेच आहेत, दहावीचं पोरगं शेजारी बसवलं तरी काम होतं.