पीएल-एसक्यूएलमध्ये मुरलेल्या टीमने एसक्यूएलसी वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या टीममधील बहुतेकांची उमेदीची वर्षे ओरॅकल डेटाबेसवर पीएल-एसक्यूएल (एसक्यूएलला जोडून येणारी ओरॅकलची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिण्यात गेली आणि गो ही भाषा त्यांच्या हाती अलीकडेच आली. त्यामुळे नवी बिलिंग सेवा गो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर उभारायचे ठरले, तेव्हा डेटाबेसशी जोडणारा कोड कोणत्या साधनाने तयार करायचा हे आम्ही टीममध्ये कोणाला काय येते ते पाहून ठरवले. एन्ट या ओआरएममध्ये (टेबलांशी भाषेतल्या ऑब्जेक्टद्वारे काम करू देणाऱ्या साधनात) स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, गोमध्ये लिहायचा असतो आणि क्वेरीही त्यातून तयार झालेल्या मेथडची साखळी जोडत करायची असते. ज्याचा गोवर हात बसला आहे त्याला ते सोयीचे आहे. आमच्या लोकांना मात्र मनात तयार असलेल्या क्वेरीचे गोमधले रूप शोधत बसावे लागले असते.

आम्ही निवडलेले एसक्यूएलसी हे एसक्यूएलमधून गो कोड तयार करणारे साधन; त्याची रीत उलटी आहे. क्वेरी साध्या एसक्यूएल फाइलमध्ये लिहायची, तिच्या वरच्या कॉमेंटमध्ये फंक्शनचे नाव द्यायचे आणि एक ओळ परत हवी, अनेक हव्यात की काहीच नको ते नोंदवायचे. मग जनरेट कमांड स्कीमा वाचून त्या क्वेरीसाठी गोची स्ट्रक्ट आणि फंक्शने टाइपसह तयार करते. कॉलमचे नाव बदलले आणि क्वेरी जुनीच राहिली, तर चूक जनरेट करतानाच समोर येते.

खरा फायदा कोड रिव्ह्यूत दिसला. ज्येष्ठ सहकारी थेट एसक्यूएल वाचतात, फाइलमधली क्वेरी उचलून पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणारी कमांड) चालवतात आणि इंडेक्स कुठे वापरला गेला नाही ते सांगतात. ओआरएम असता, तर प्रत्यक्ष चाललेली क्वेरी आधी लॉगमधून शोधावी लागली असती. तयार झालेला कोडही इतका साधा असतो की नवख्यांनी गो शिकताना तोच वाचायला घेतला. नल, म्हणजे रिकाम्या, असू शकणाऱ्या कॉलमसाठी येणाऱ्या वेगळ्या टाइपांनी मात्र त्रास दिला, आणि गंमत अशी की तो एसक्यूएलवाल्यांना नव्हे, गोवाल्यांना झाला.

मर्यादा एकच, पण ती मोठी आहे. क्वेरी आधीच ठरलेली असावी लागते. वापरकर्ता हवे ते फिल्टर निवडतो आणि हव्या त्या कॉलमवर क्रम लावतो, अशा शोधपानासाठी एसक्यूएलमधल्या ‘केस’ रचनेच्या आणि नल-तपासणीच्या लांबलचक अटी लिहाव्या लागतात; त्या चालतात, परंतु वाचायला जड जातात, आणि क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या प्लॅनरलाही त्यांतून चांगला मार्ग काढणे अवघड जाते. ती मोजकी पाने आम्ही स्क्विरल या क्वेरी-बिल्डरवर ठेवली आहेत. शिवाय मायग्रेशन (स्कीमातले बदल) चालवणे हे एसक्यूएलसीचे काम नाही. आम्ही त्यासाठी गूस वापरतो आणि त्याच फाइली एसक्यूएलसीला स्कीमा म्हणून देतो. तयार कोड गिटमध्ये ठेवतो आणि तो ताजा आहे की नाही हे सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) एसक्यूएलसीच्या डिफ कमांडने तपासतो.

ज्या टीममध्ये गो पक्की आहे आणि जॉइन (टेबले जोडणारी क्वेरी) लिहायचा म्हटले की सगळे एकमेकांकडे पाहतात, तिने आधी एन्टच पाहावे. आमच्याच कंपनीतील दुसऱ्या टीमने तसे केले आहे आणि तिचे काम सुरळीत चालले आहे.