डेटा विश्लेषणासाठी ‘ग्नू मेक’ : एक परीक्षण

विश्लेषणाचे काम चार-पाच स्क्रिप्टांचे असते तोवर त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या हे लक्षात राहते. पुढे कच्च्या डेटात दुरुस्ती येते, नेमके काय पुन्हा चालवायचे याचा उलगडा होत नाही, आणि मग एक तर सगळेच पुन्हा चालवले जाते किंवा जुना आलेख नव्या आकड्यांशेजारी अहवालात तसाच राहून जातो. यातली दुसरी चूक घातक आहे, कारण ती कोणाला दिसत नाही.

या अडचणीवर मी ‘मेक’ वापरतो; ‘ग्नू मेक’ ही त्याचीच एक आवृत्ती. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मूळ साधन घडवले ते प्रोग्राम कंपाइल करण्यासाठी, म्हणजे लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणण्यासाठी. पण एका फाइलीतून दुसरी फाइल तयार होते, ही त्याची मूळ धारणा विश्लेषणालाही तंतोतंत लागू पडते. मेकसाठीचे नियम ज्या फाइलीत लिहितात त्या मेकफाइलमधला प्रत्येक नियम तीन गोष्टी सांगतो : कोणती फाइल हवी, ती कशावर अवलंबून आहे आणि ती बनवण्याची आज्ञा कोणती. हवी असलेली फाइल अस्तित्वातच नसेल, किंवा ती ज्यावर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी फाइल तिच्यापेक्षा नंतर बदललेली असेल, तरच आज्ञा चालते. त्यामुळे आलेखाच्या स्क्रिप्टमध्ये फक्त रंग बदलला, तर आलेख आणि अहवाल एवढेच नव्याने तयार होतात. डेटाची सफाई आणि तासभर चालणारे मॉडेल यांना हात लागत नाही.

मात्र हे घडण्यासाठी आलेखाच्या नियमात डेटाफाइलीबरोबर स्क्रिप्टचेही नाव लिहिलेले असावे लागते. नवशिके नेमके हेच विसरतात. मग कोड बदलूनही मेक ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे सांगते आणि दोष साधनाला दिला जातो. माझ्या मते मेकचा खरा लाभ वेळेच्या बचतीपेक्षा इथेच आहे : कोणता निष्कर्ष कशावर उभा आहे हे ते आपल्याला स्पष्ट शब्दांत लिहायला लावते.

उणिवाही खऱ्या आहेत. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. संपादकाने टॅबऐवजी स्पेस घातल्या, की ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश येतो, ज्यावरून नवख्याला काहीच बोध होत नाही. फाइलींच्या नावांत स्पेस असल्यास त्रास ठरलेला. आज्ञा अर्ध्यावर बंद पडली, तर अपुरी फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी तीच पूर्ण समजली जाते. म्हणून अशी अपुरी फाइल पुसून टाकायला सांगणारी ‘डिलीट ऑन एरर’ ही खास नोंद प्रत्येक मेकफाइलमध्ये असायलाच हवी, आणि ती मुळातच चालू ठेवलेली नाही याचे मला वाईट वाटते. एकाच आज्ञेतून अनेक फाइली निघतात हे नीट सांगण्याची सोय 2020 च्या 4.3 आवृत्तीत आली, पण मॅकवर अॅपलकडून मिळणारी आवृत्ती 3.81 असल्याने तिथे नवी आवृत्ती वेगळी बसवावी लागते.

मोठी मर्यादा फाइल शेवटची कधी बदलली या वेळेवरच विसंबण्याची आहे. स्क्रिप्टमध्ये नुसती टिप्पणी सुधारली तरी मेकच्या लेखी ती फाइल बदललेलीच असते आणि मॉडेल पुन्हा चालू लागते. अशाच कामाचे पायथनमधले ‘डूइट’ हे साधन फाइलीचा मजकूर खरोखर बदलला का ते तपासते, तर आर भाषेतले ‘टार्गेट्स’ फंक्शनमधल्या टिप्पण्यांकडे दुर्लक्ष करते. केवळ आरमध्ये काम करणाऱ्यांनी थेट त्याच्याकडे वळावे. शेकडो नमुन्यांवर तीच प्रक्रिया क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, चालवायची असेल, तर ‘स्नेकमेक’ हे साधन अधिक योग्य आहे. त्याची रचना मेकच्याच विचारावर बेतलेली असल्याने मेक शिकलेल्याला ते परके वाटत नाही.

एका संगणकावर मावणाऱ्या, वेगवेगळ्या भाषांतल्या स्क्रिप्टांच्या कामासाठी मी निःसंकोचपणे मेकची शिफारस करतो. सुरुवात सफाई, आलेख आणि अहवाल अशा तीनच नियमांनी करावी, आणि काही चालवण्यापूर्वी ‘-एन’ हा पर्याय देऊन पाहावा : मेक काय काय करणार आहे ते प्रत्यक्ष न करता दाखवते, आणि नियमात सुटलेले अवलंबित्व बहुधा त्या यादीतच सापडते.