कमी मिठाचं सँडविच : आठ महिने डब्यात नेल्यावर

मागच्या जूनमध्ये डॉक्टरांनी बीपीच्या मशीनचा पट्टा सोडवत विचारलं, "लोणचं-पापड किती खाता?" मी ताठ मानेनं सांगितलं, पापड सणासुदीलाच आणि लोणचं चाखण्यापुरतं. मग दुपारच्या डब्यात काय? तर सँडविच, आठवड्यातले चार दिवस. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडायची, पोळी-भाजी उरकतेच असं नाही. "त्याचा हिशेब काढा एकदा," एवढंच म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली.

हिशेब काढला आणि चाट पडले. दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रामच्या आत हवं, म्हणजे मीठ ५ ग्राम, सपाट चमचाभर. माझ्या ब्रेडच्या पाकिटावर १०० ग्रामला ५०० मिलिग्राम सोडियम होतं. दोन स्लाइस म्हणजे ३००. चीज स्लाइसचे २६० च्या आसपास, चमचाभर टोमॅटो सॉसचे दीडशे, खारट बटरचे ऐंशी. वर चटणीतलं मीठ आणि सँडविच मसाल्यातलं काळं मीठ. एका सँडविचात नऊशेच्या वर! दिवसाचा जवळजवळ निम्मा कोटा एका डब्यात, तोही जिभेला खारट न लागता. ज्याला मी खारट समजून हात आखडत होते ते लोणचं बाजूलाच, आणि गोडसर लागणारा ब्रेड मात्र रोज पोटात.

मग दुकानात उभं राहून पाकिटं उलटी करायला लागले. आमच्या दुकानात सहा प्रकारचे ब्रेड होते. १०० ग्रामला सगळ्यात कमी सोडियम ३८०, सगळ्यात जास्त ६१०, आणि तो ६१० वाला होता ब्राऊन! मल्टिग्रेनही काही मागे नव्हता. रंगावर जाऊ नका, काही ब्रेडचा तपकिरी रंग कॅरॅमलचा असतो, घटकांच्या यादीत लिहिलेलं असतं. आणि आकडा १०० ग्रामचाच बघा, 'पर सर्व्ह' वर विसंबू नका, कारण त्यांचं सर्व्हिंग कधी एक स्लाइस असतं, कधी दोन. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर 'लो सोडियम' छापायचं तर १०० ग्रामला १२० च्या आत हवं. तसला ब्रेड मला आमच्या भागात एकाही दुकानात मिळाला नाही.

लादीपावाला तर लेबलच नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांना विचारलं, मीठ किती घालता? "दहा किलो मैद्याला दीडशे-दोनशे ग्राम, वहिनी. कमी केलं तर पीठ हातात राहत नाही." घरी येऊन गणित केलं तर पाकिटातल्या ब्रेडच्याच आसपास आलं.

"पीठ हातात राहत नाही" म्हणजे काय, ते पुढच्या रविवारी कळलं. उत्साहाच्या भरात अजिबात मीठ न घालता ब्रेड करायला घेतला. रेसिपीत तासभर फुगवा लिहिलं होतं, मी तासभरच ठेवला. पावसाळी उकाडा, त्यात यीस्टला आवर घालणारं मीठ नाही. पीठ टिनच्या काठावरून ओघळून ओट्यावर आलं होतं. कसंबसं आत ढकलून ओव्हनमध्ये ठेवलं, तर वीस मिनिटांत मधोमध खड्डा. मीठ यीस्टचा वेग धरून ठेवतं आणि ग्लूटेनही (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) घट्ट करतं, हे नंतर वाचलं. चव? ओला पुठ्ठा. लेकानं एक घास खाऊन विचारलं, "आई, हा कुणासाठी आहे?"

आता जमलेलं प्रमाण असं : कणीक २५० ग्राम, मैदा १५०, पाणी २७०, यीस्ट ४ ग्राम (नेहमीपेक्षा कमी), मीठ ३ ग्राम, छोट्या काट्यावर सोन्यासारखं तोलून. पीठ दुप्पट होण्याची वाट न बघता पाऊणपट फुगलं की लगेच ओव्हनमध्ये, १९० अंशावर ३५ मिनिटं. माझ्या घरच्या जाड स्लाइसला पंचाहत्तरच्या आसपास सोडियम पडतं. १०० ग्रामला दोनशेच्या जवळ, म्हणजे नियमाप्रमाणे माझाही ब्रेड 'लो सोडियम' नाहीच! पण विकतच्या निम्म्याहून कमी. पिठात भाजलेले तीळ आणि जिरं घातलं की अळणीपणा जाणवत नाही. खरं तर आपली ज्वारीची भाकरी मिठाशिवायच होते आणि तिला कुणी अळणी म्हणत नाही.

आतल्या सारणाचं त्या मानानं सोपं गेलं. चीजऐवजी घरचं पनीर, कारण त्यात मीठ पडतच नाही. ते कुस्करून त्यात लिंबू, मिरपूड, पुदिना. उकडलेलं अंडं चालतं, एकात सत्तरच्या आत. बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो यांचं सोडियम धरण्यासारखं नाही. बटर बिनमिठाचं किंवा घरचं लोणी. हिरव्या चटणीत मीठ निम्मं आणि लिंबू दुप्पट. आंबटपणा वाढवला की जीभ फसते, ही युक्ती सगळ्यात कामाची. विकतचे डबाबंद ऑलिव्ह आणि हालापिन्यो (पिझ्झावरच्या मिरच्या) मिठाच्या पाण्यातलेच असतात, ते बंद केले. पहिले तीन आठवडे डबा उघडायचीच इच्छा होत नव्हती, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानंतर एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या डब्यातलं चीज सँडविच खाल्लं आणि पाणी पीत बसले.

घरात दुसरीच लढाई होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सैंधव घाल की, ते उपवासालासुद्धा चालतं." त्यांना समजावताना नाकीनऊ आले की सैंधव काय, काळं मीठ काय, मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठाबद्दल मीच डॉक्टरांना विचारलं होतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि माझी बीपीची टेल्मिसार्टन ही गोळी शरीरातलं पोटॅशियम वाढवू शकते, म्हणून रक्ततपासणीशिवाय नको म्हणाले. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर परस्पर सुरूच करू नये.

तोटे सांगते. घरचा ब्रेड पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरसतो, म्हणून रविवारी कापून फ्रीजरमध्ये आणि सकाळी थेट तव्यावर. स्लाइस एकसारखे येत नाहीत, टोस्टरमध्ये अडकतात. रविवारचे तीन तास जातात. ज्या आठवड्यात जमत नाही, तेव्हा ३८० वाला आणते आणि चीज-सॉसला सुट्टीच ठेवते. तेवढ्यानंही सँडविच चारशेच्या आत बसतं. गोळी चालूच आहे. डोस वाढलेला नाही, पण श्रेय ब्रेडचं की रोजच्या चालण्याचं, देव जाणे.

शुक्रवारी स्टेशनबाहेरच्या सँडविचवाल्याकडे मात्र जाते. "मसाला नको, सॉस नको, बटर कमी" म्हटल्यावर पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं, "ताई, मग खाणार काय?" आता मला लांबून बघूनच मसाल्याचा डबा बाजूला सरकवतो. शेव तेवढी सवयीनं हातातून पडतेच, आणि मीही काही बोलत नाही.