माथेरानला रात्र काढायची तर कुठे? जुना बंगला की नवं हॉटेल

सकाळी दस्तुरीला गाडी लावून, घोड्यावरून पाच-सहा पॉइंट उरकून, चिक्कीचे डबे घेऊन संध्याकाळी खाली उतरणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. प्रश्न रात्र काढणाऱ्यांचा आहे. गेल्या वर्षभरात मला हे तिघांनी विचारलं, तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली, आणि नंतर वाटलं की खरं उत्तर एकालाही दिलं नाही.

दोन्ही प्रकारांत राहून झालंय. जुन्या बंगल्याच्या हॉटेलात तीनदा, बाजारालगतच्या नव्या हॉटेलात दोनदा. नावं घेत नाही, कारण मला जे खटकलं ते एखाद्या हॉटेलाचं नसून खोली बांधण्याच्या पद्धतीचं आहे. स्थानिक लोक घरच्या खोल्या भाड्याने देतात तो तिसरा पर्याय. तिथे एकच रात्र राहिलो, पिठलं-भाकरी उत्तम मिळाली, त्यापलीकडे सांगण्याइतका अनुभव नाही.

‘जुनं’ म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. पाटीवर ‘हेरिटेज’ लिहिलेलं सगळंच जुनं नसतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये हा डोंगर चढून आले आणि इंग्रजांच्या दृष्टीने माथेरान ‘सापडलं’. ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून सापडलेलंच होतं, असो. पुढच्या काही दशकांत साहेब लोकांनी, आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या पारशी-बोहरी धनिकांनी झाडीत बंगले बांधले. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर आणली, त्याच्याही आधीचे हे बंगले. त्यांतल्या काहींची पुढे हॉटेलं झाली. ओळखायची खूण सोपी आहे. उंच जोतं, भोवती रुंद व्हरांडा, खोलीला गरजेपेक्षा जास्त दारं आणि न्हाणीघराला मागच्या अंगाला स्वतंत्र दार. हे मागचं दार बघून पहिल्यांदा मी चोराच्या भीतीने त्याला खुर्ची लावून झोपलो होतो. नळ नव्हते त्या काळी गरम पाण्याचे हंडे आणणारी आणि सफाई करणारी माणसं साहेबाच्या खोलीतून जाऊ नयेत म्हणून ती वाट असे. आता तिथे बादल्या ठेवतात.

नवं म्हणजे बहुतेक वेळा बाजारातलं किंवा बाजाराला लागून असलेलं दोन-तीन मजली हॉटेल. टाइल्स, एसी, छोटासा तरणतलाव, चोवीस तास गरम पाणी. फोटो बघितलेच असतील, त्यामुळे ते वर्णन सोडतो.

पोहोचण्यापासून सुरुवात केली तर नवं सरळ जिंकतं. वर मोटारीला बंदी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा अर्थ दस्तुरीला बॅग हातात आल्यावरच कळतो. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल पकडली तर माथेरान स्टेशनपासून नवं हॉटेल पाच मिनिटांवर. जुने बंगले आत, झाडीत. आम्ही राहतो तो स्टेशनपासून चांगला वीस मिनिटांवर आहे, शेवटचा टप्पा लाल मातीचा आणि मुळांचा. २०२२च्या डिसेंबरात ई-रिक्षा पहिल्यांदा आल्या, पण त्या मोजक्या आहेत आणि माझा अनुभव असा की आपल्याला हवी असते तेव्हा समोरून भरून जाते. म्हणजे हमाल करणं आलं. बायकोने दुसऱ्या वेळेपासून चाकांची बॅग बंद केली आणि दोन सॅकवर आणली, हा त्या बंगल्याचा आमच्या संसाराला झालेला एक फायदा.

गरम पाण्यातही नवंच पुढे. जुन्याकडे सकाळी सात ते नऊ, आणि नऊ म्हणजे पावणेनऊ. न्हाणीघर आमच्या डोंबिवलीच्या बेडरूमएवढं, छप्पर उंच, त्यामुळे डिसेंबरात अंगावर पाणी घेतलं की तांब्या-तांब्यामध्ये दात वाजतात. शिवाय माकडं. ती दोन्हीकडे आहेत, पण जुन्याचं छप्पर पत्र्याचं असलं तर पहाटे डोक्यावर लेझीम सुरू होते. पहिल्या रात्री आमची मुलगी रडली होती. आता ती कॉलेजात आहे आणि मैत्रिणींना तो किस्सा स्वतःच्या शौर्याचा म्हणून सांगते.

जेवण बरोबरीत सोडतो. दोन्हीकडे बहुधा चहा-नाश्ता-दोन्ही जेवणं धरूनच भाडं असतं, ते एका अर्थी बरंच. नव्यात टेबलभर पदार्थ, त्यात पनीर दोन प्रकारचं आणि फरसाण कुठल्याही वेळी. जुन्यात घंटा वाजते, एकच भाजी, एकच डाळ, चिकनचा रस्सा, शेवटी कॅरमल कस्टर्ड. ज्यांना निवड लागते त्यांना हे जाचक वाटेल. मला निवड करायचा कंटाळा आहे.

आता मूळ मुद्दा. तो सांगताना थोडं हास्यास्पद वाटतं, पण माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला.

मला पहाटे पाचला जाग येते. सुट्टीत तर साडेचारला. बायको आठपर्यंत झोपते आणि तो तिचा हक्क आहे. नव्या हॉटेलातली पहिली पहाट. खोली स्वच्छ, गादी उत्तम. खोलीत एक खुर्ची, तिच्यावर आमच्या बॅगा. पलंग तीन भिंतींना टेकलेला. दिवा लावावा तर एका बटणावर सगळी खोली लग्नघरासारखी उजळते. पडदा सरकवला तर काच कायमची बंद, एसीसाठी असेल किंवा माकडांसाठी असेल, आणि काचेपलीकडे शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. पुस्तक घेऊन गुपचूप बाहेर पडलो. दाराजवळच्या खाचेतलं कार्ड सोबत न्यावं तर आत एसी बंद पडणार, न न्यावं तर मी बाहेर अडकणार. अडकणं पत्करलं.

बाहेर लांब बोळ. बसायला काही नाही. जिन्याच्या पायरीवर, अग्निशामक नळकांड्याशेजारी बसलो. तिथला दिवा हालचाल दिसली तरच लागणारा. मी अर्धं पान वाचलं की तो विझायचा. मग मी हात हलवायचा. पुन्हा अर्धं पान, पुन्हा हात. दहा मिनिटांनी खाली गेलो, तर स्वागतकक्षातल्या सोफ्यावर रात्रपाळीचा मुलगा चादर घेऊन झोपलेला. त्याला उठवणं जिवावर आलं. बागेकडचं दार कुलूपबंद, सात वाजता उघडणार. बाहेर आठशे मीटर उंचीवरची, दाट झाडीतली पहाट होत होती आणि मी ती जिन्यात बसून हात हलवत काढली. बरं, हे एकदाच झालं म्हणावं तर दुसऱ्या वेळी वेगळ्या हॉटेलात तसंच. तिथे बाल्कनी होती, पण ती कपडे वाळत घालायच्या दोरीपुरती. खुर्ची ठेवली तर दार उघडेना.

जुन्या बंगल्यात दार उघडलं की तुम्ही व्हरांड्यात असता. एवढंच. लांब हातांची आरामखुर्ची, तिचं वेत थोडं सैल झालेलं, समोर अंधारात जांभूळ आणि अंजनीची झाडं. आधी काही दिसत नाही. मग झाडांचे आकार वेगळे होतात. मे अखेर गेलं तर शीळकरी कस्तूर हा पक्षी शीळ घालायला लागतो, एखादं पोरगं चाल विसरून पुन्हा पुन्हा सुरुवात करतंय अशी. सहाला चहाची किटली येते. बायको आत झोपलेली असते, मी बाहेर असतो, आणि आम्हा दोघांचीही सुट्टी चाललेली असते. खोलीच्या भाड्यात मला खरं तर हेच हवं असतं.

संध्याकाळचंही तसंच. व्हरांडा सलग असल्यामुळे शेजारच्या खोलीची माणसं आपोआप ओळखीची होतात. एकदा दादरचे एक वयस्कर गृहस्थ होते. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र मला देत म्हणाले, ‘‘वाचा, पण शब्दकोड्याला हात लावू नका.’’ तिसऱ्या दिवशी आडवे शब्द त्यांचे आणि उभे माझे, अशी वाटणी झाली होती. नव्या हॉटेलात शेजारच्या खोलीबद्दल मला एवढंच कळलं की ते टीव्ही मोठा लावतात. ती माणसंही कदाचित चांगली असतील, भेटायला जागा नव्हती.

पण हे माझं झालं. बरोबर गुडघेदुखीची आई किंवा सासूबाई असतील तर जुन्या बंगल्याचं उंच जोतं, पायऱ्या आणि रात्री जेवणघरापर्यंतचा अंधार यांचा विचार करा. बॅटरी तर न्याच. तान्हं मूल असेल तर नवं, डोळे मिटून. आठ ते चौदा वर्षांची मुलं असतील तर ती तरणतलाव सोडून कुठे येणार नाहीत आणि तुम्हीही भांडू नये. जुलै-ऑगस्टमध्येही जुन्याचा आग्रह मी धरणार नाही. तेव्हा नेरळहून थेट वर येणारी छोटी गाडी बंद असते, आणि माझ्या आवडत्या व्हरांड्याला निळं प्लास्टिक बांधलेलं असतं. खुर्ची आत, आपण आत, घोंगड्यांना ओलसर वास. एका पावसाळ्यात मी हट्टाने गेलो. तिसऱ्या दिवशी चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली होती. त्या ऋतूत कोरड्या टाइल्स आणि बंद काच यांना काही अर्थ असतो, हे कबूल करतो.

पैशांचं म्हणाल तर सुट्ट्या जोडून आलेला शनिवार-रविवार सोडून गेलात तर दोन्हींत फार अंतर मला लागलं नाही. माझा नेम मंगळवार-बुधवारचा आहे. रजा टाकावी लागते, पण बाजारात घोड्यांना वाट देत भिंतीला चिकटून चालावं लागत नाही.

नवंच घ्यायचं ठरलं तरी हरकत नाही. सगळीच माझ्यासारखी पाचला उठणारी नसतात, आणि ज्या नव्या हॉटेलांत मी राहिलो नाही त्यांत कुठे तरी धड गॅलरी असेलही. फक्त फोनवर गरम पाणी, चेक-आउट वगैरे विचारून झालं की एक प्रश्न जास्तीचा विचारा: खोलीच्या दाराबाहेर दोन खुर्च्या मावतात का? गेल्या हिवाळ्यात मित्रासाठी मी चार ठिकाणी फोन केले. दोघांनी ‘बघून सांगतो’ म्हटलं. बंगल्यावरचे जुने व्यवस्थापक म्हणाले, ‘‘चार मावतात, एकीचं वेत बदलायला टाकलंय.’’ चौथ्याला प्रश्नच कळेना. मी पुन्हा समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘बाहेर कशाला बसायचंय साहेब, आत टीव्ही आहे की.’’