विश्रामबागमधला चिनी क्लास : सूर आणि अक्षर एकत्र

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपला मशिनरी चीनहून येते, म्हणून मंदारिन शिकायला या क्लासला नाव घातलं. इतकं कान तयार करून घेणारं कुणी सांगलीत भेटेल असं वाटलं नव्हतं.

एरवी अक्षरांचे उच्चार आधी घोटून घेतात आणि सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारा आवाजाचा चढउतार, मागाहून चिकटवतात. इथल्या मॅडम पहिल्या तासापासून दोन्ही एकत्र घेतात, आणि त्याचं कारण त्यांनी ऐकवूनच दाखवलं. पिनयिनमध्ये, म्हणजे चीनने १९५८ साली स्वीकारलेल्या रोमन लिखाणात, 'बी' लिहितात तो आवाज खरं तर आपल्या 'प'जवळचा, आणि 'पी' म्हणजे दोन्ही ओठ मिटून म्हटलेला 'फ'. हे सांगायच्या आधीच त्यांनी दोन चिनी शब्द ऐकवले. एक 'आठ', उंच सपाट पहिल्या सुरातला. दुसरा 'धरणे', खालच्या तिसऱ्या सुरातला. "ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा." पहिल्याला वर्गाने 'पा' लिहिलं, दुसऱ्याला बऱ्याच जणांनी 'बा'. व्यंजन मात्र दोन्हीकडे एकच!

'ब', 'द', 'ग' यांच्यामागचा स्वर जरा खालच्या पट्टीत सुरू होतो, हे आपल्या कानात मुरलेलं असतं. त्यामुळे सूर खाली गेला की कान 'ब' धरून चालतो. त्यात तिसऱ्या सुरात आवाज घशात खरखरतो. मॅडम म्हणाल्या, जुन्या चिनीत खरे घोष वर्ण, म्हणजे 'ब', 'द', 'ग' सारखे आवाज, होते. मंदारिनमधून ते गेले, पण सुरांवर ठसा ठेवून गेले. शांघायच्या बोलीत ते अजून खालच्या सुरांसोबत टिकून आहेत.

स्वरांचंही तेच. 'नऊ'चा चिनी शब्द तिसऱ्या सुरात, म्हणून त्यातला 'ओ' मोकळा ऐकू येतो. 'शरद ऋतू'चा पहिल्या सुरात, तिथे तोच 'ओ' दबतो. छापताना दोन्हीकडे नुसतं 'आय-यू'. पुस्तकावरून हे कळणं अवघड आहे.

तक्रार एकच, पण मोठी. स्पीकर अगदी साधा आहे, आणि खोली रस्त्याच्या बाजूला. संध्याकाळी गाड्यांच्या आवाजात तिसरा सूर पार बुडतो. जिथे सगळा खेळ कानाचा, तिथे प्रत्येकाला हेडफोन द्यायलाच हवेत. तोवर सकाळची बॅच घ्या, आणि पुढच्या बाकावर बसा.