मेडलची बॉक्स फ्रेम: जळगाव-धुळ्याकडे बनवून मिळते ती घ्यावी का?

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर अशा कुठल्याही मोठ्या गावातला फोटोफ्रेमवाला सांगितलं की मेडलची फ्रेम बनवून देतो. नमुना थोड्याफार फरकानं एकच असतो. 12 बाय 18 इंच, दीड इंच खोल, फायबरची सोनेरी पट्टी, आत लाल किंवा निळी मखमल, वर वर्दीतला फोटो, खाली मेडलांची रांग, तळाशी नावाची पट्टी आणि समोर काच. जवान निवृत्त होऊन गावी आला की सत्काराला हीच फ्रेम देतात, आणि वीरनारींच्या घरी भिंतीवरही बहुतेक हीच असते.

वस्तू घेण्यासारखी आहे. डब्यात, कपाटात, गाठोड्यात पडलेली मेडलं घरच्यांना आणि नातवंडांना रोज दिसायलाच हवीत. पण तयार नमुना जसाच्या तसा घेऊ नका. त्यात मेडलं गरम गोंदानं मखमलीवर चिकटवलेली असतात आणि मागची पाठ खिळे मारून कायमची बंद केलेली असते. मेडल छातीवर लावण्यासाठी दिलेलं असतं. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टचं झेंडावंदन, 14 जानेवारीचा माजी सैनिक दिन, 26 जुलैचा कारगिल विजय दिवस, 16 डिसेंबरचा विजय दिवस, या दिवशी माजी सैनिकाला ते लावून जाता आलं पाहिजे. जी फ्रेम उघडत नाही ती मेडल कायमचं अडकवून ठेवते. मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं, तेही चिकटवलेल्या मेडलवर धड वाचता येत नाही.

गोंदाचं दुसरं दुखणं आपल्या उन्हाळ्याचं आहे. ग्लू गनचा गोंद साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतं. पत्र्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीतून ऊन पडेल अशा जागी काचेची बंद पेटी टांगली तर आतलं तापमान त्याहून बरंच वर जातं. मग एखाद्या दुपारी मेडल सुटतं, खाली घसरतं आणि नावाच्या पट्टीवर येऊन पडतं. पडताना गोंदाची तार फितीला ओढते आणि फितीचे धागे निघतात. धातूचं त्यात काही बिघडत नाही, फीत मात्र वाया जाते.

यावर उपाय सोपा आहे आणि कुठलाही फ्रेमवाला तो करू शकतो, फक्त सांगावं लागतं. सगळी मेडलं एका बारवर शिवून घ्या, म्हणजे मागे पिन असलेल्या पट्टीवर, छातीवर लावतात तसा सेट. हे काम देवळाली, अहिल्यानगर, पुणे अशा छावणीच्या गावांतले वर्दीचे शिंपी नीट करतात, साध्या टेलरला जमेलच असं नाही. फ्रेमच्या आतल्या पाठीवर कापडाची एक जाड पट्टी शिवून घ्यायची आणि बारची पिन त्या पट्टीत खोवायची. झेंडावंदनाच्या सकाळी पाठ उघडली, पिन काढली, बार छातीवर. पाठीला खिळ्यांऐवजी फिरत्या पत्र्याच्या क्लिपा किंवा चार छोटे स्क्रू मागा.

आता मापं. फितीची रुंदी 32 मिलिमीटर असते, म्हणून पाच मेडलं शेजारी-शेजारी लावली की रांग 16 सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा इंचांच्या आत. सहा-सात झाली की ती एकावर एक थोडी चढवून लावतात. फितीसह मेडलची उंची चार इंच धरा. त्यामुळे 12 इंची रुंदीत दोन्ही बाजूंना चांगली मोकळी जागा राहते आणि वर 5 बाय 7 चा फोटो ऐसपैस बसतो. खोली मात्र तपासून घ्या. फ्रेमवाला दीड इंच म्हणतो ती बाहेरून मोजलेली असते. काच, पाठ आणि अस्तर वजा केल्यावर आत किमान 25 मिलिमीटर उरली पाहिजे, नाहीतर मेडल काचेला टेकतं आणि पावसाळ्यात काचेवर ओल धरली की तिथेच डाग पडतो.

भाव पट्टीच्या फुटावर ठरतो. 12 बाय 18 चा घेर पाच फूट होतो, कोपऱ्यांच्या तिरक्या कापात जाणारी पट्टी धरून सहा फूट लागते. सहाच्या वर कुणी लावत असेल तर विचारा. फायबरची पट्टी स्वस्त आणि वाळवीला दाद न देणारी आहे, पण उन्हात कोपरे उघडतात. सागाची पट्टी महाग, तरी खोल पेटीसाठी तीच बरी, कारण कोपऱ्यात स्क्रू धरतो. 3 मिलिमीटरची काच एवढ्या फ्रेमला एक किलोची होते. सगळं मिळून वजन अडीच-तीन किलोपर्यंत जातं, म्हणून मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीत एका खिळ्यावर टांगू नका. मागे दोन बाजूंना दोन कड्या आणि भिंतीत प्लग घालून दोन स्क्रू हवेत. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं, पण पुसलं की त्यावर चरे पडतात आणि धूळ ओढून घेतं. आपल्याकडच्या धुळीत काचच ठेवा.

आतल्या सामानाबद्दल फ्रेमवाले सहसा विचार करत नाहीत आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. खरं नुकसान इथूनच सुरू होतं. जुन्या फ्रेममध्ये लाल बनात असायची. बनात म्हणजे लोकरीचं जाड कापड, लोकरीत गंधक असतं आणि गंधकानं चांदी काळी पडते. वीर चक्र, महावीर चक्र चांदीची असतात, त्यांच्या मागे लोकर नको. नेहमीची सेवा मेडलं तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असतात, ती काळी पडण्याऐवजी निस्तेज होतात. पाठीला सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा फोम बोर्ड) घातला तर तो पीव्हीसीचा असतो आणि वर्षानुवर्षं तापून त्यातून आम्ल सुटतं. 1971 च्या युद्धाच्या ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचं) आणि ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडीचं) यांसारख्या ब्राँझच्या मेडलांवर हिरवी बुरशीसारखी पूड त्यानंच येऊ शकते. कच्चा एमडीएफही (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असाच वाफा सोडतो. आतला पिवळा स्पंज काही वर्षांत भुगा होऊन फितींवर चिकटतो. मागायचं ते एवढंच: आम्लरहित माउंट बोर्डाचे (फोटोमागे लावतात त्या जाड पुठ्ठ्याचे) दोन थर आणि त्यावर दोनदा धुतलेलं, रंग न सोडणारं सुती कापड. रंग गडद निळा किंवा काळा घ्या. लाल मखमलीवर केशरी आणि लाल पट्ट्यांच्या फिती उठून दिसत नाहीत.

मागची फट कागदी टेपनं बंद करा. धाब्याच्या घरात छतातून बारीक माती झिरपत असते आणि ती याच फटीतून आत शिरते. आत सिलिका जेलची एक पुडी ठेवायला हरकत नाही, पावसाळा संपला की बदलायची. डांबर गोळी अजिबात नको, तिची वाफ बंद पेटीत साचते आणि पुन्हा फोटोवर, काचेवर बसते.

मेडलांचा क्रम चुकलेल्या फ्रेम सर्रास दिसतात. फ्रेमवाला ताऱ्याच्या आकाराचं मेडल मधे घेतो आणि गोल मेडलं दोन्हीकडे सारखी वाटतो, कारण तसं छान दिसतं. क्रम ठरलेला आहे. सर्वांत मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे असतं, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे. शौर्याची आधी, मग युद्धाची आणि मोहिमांची, मग सैन्य सेवा मेडल, शेवटी स्वातंत्र्याच्या वर्धापनाची आणि दीर्घ सेवेची. पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्या 1971 च्या जवानाची रांग अशी येते: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, 25 व्या स्वातंत्र्य वर्धापनाचं मेडल, 9 वर्षांच्या सेवेचं मेडल. फ्रेमवाल्याकडे जाताना रांग कागदावर लिहून न्या आणि बारचा फोटोही न्या.

नावाच्या पट्टीवर हुद्दा आधी, नाव नंतर आणि शेवटी कंसात निवृत्त. ‘सुभेदार (निवृत्त) अमुक’ हे चूक. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. हुद्दा ऑनररी (मानद) असेल तर तो पेन्शनच्या कागदावर आहे तसाच घाला. शहीद जवानाच्या फ्रेमवर रेजिमेंटचं पूर्ण नाव, मोहीम आणि तारीख हवी. ‘मरणोत्तर’ हा शब्द शौर्यपदकाच्या नावाशेजारी येतो, जवानाच्या नावाशेजारी नाही. लेसरनं कोरलेली पट्टी घ्या, स्टिकरची अक्षरं दोन उन्हाळ्यांत सोलतात.

सनद किंवा डिस्चार्ज बुक फ्रेममध्ये घालू नका, रंगीत प्रत घाला. घरपट्टी माफीपासून मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मूळ कागद दाखवावे लागतात, आणि काचेला चिकटलेला कागद सोडवताना फाटतो.

रोजची निगा फार नाही. ऊन थेट पडणार नाही अशी भिंत निवडा, कारण साधी काच फिती विटवणारे सगळे किरण अडवत नाही. देवघराच्या वर टांगू नका, उदबत्तीचा तेलकट धूर फटीतून आत जातो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घागर पुजताना आजोबांचा फोटो म्हणून ही फ्रेम खाली घेतात. कुंकू काचेला लावा, पाणी शिंपडू नका, आणि पुसताना कापड ओलं करा, काच नाही. मेडल पितांबरीनं, ब्रासोनं किंवा चिंचेनं घासू नका. चकाकी येते, पण दरवेळी कडेवरची अक्षरं थोडी झिजतात आणि जवानाचा नंबर एकदा गेला की परत येत नाही. कोरडं मऊ सुती कापड पुरे, घामाचे हातही नकोत.

ऑनलाइन मिळणाऱ्या त्रिकोणी पेट्यांबद्दल सावध करावंसं वाटतं. पार्थिवावरचा तिरंगा कुटुंबाकडे दिला जातो, तो ठेवायला म्हणून लोक त्या मागवतात. त्या अमेरिकी झेंड्याच्या त्रिकोणी घडीसाठी केलेल्या असतात. आपला तिरंगा केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, मग दोन्ही टोकं आत घेऊन, अशोकचक्र वर राहील असा चौकोनी घडी होतो. 1800 बाय 1200 मिलिमीटरचा ध्वज असेल तर घडी जवळपास 16 बाय 16 इंचांची होते, म्हणून पेटी आतून 18 बाय 18 आणि तीन इंच खोल सांगा. तिरंगा चिकटवायचा किंवा टाचायचा नाही, मागे तिरपा आधार देऊन टेकवायचा. मेडलांची फ्रेम वेगळी ठेवा, दोन्ही एकाच पेटीत कोंबले की धातू कापडाला डाग देतो.

घरात आधीच गोंदाची फ्रेम असेल तर मेडल ओढून काढू नका. पाठ उघडा, गोंदाच्या कडेला कापसाच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि नखानं उचला. धातूवरून गोंद साफ सुटतो. फितीवर हा प्रयोग नको. फीत चिकटली असेल तर तिच्याभोवतीची मखमल कात्रीनं कापून फितीसकट बाजूला ठेवा आणि मेडलला नवी फीत लावा. बार शिवणाऱ्या शिंप्याकडे ती मापानं कापून मिळते.