लिव्हरचा पेशंट, संडासवाटे रक्त आणि या सोनोग्राफी सेंटरचा अनुभव

बाबांना लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) आहे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचं बँडिंग (शिरा रबर बँडने बांधणं) दोनदा झालंय. गेल्या महिन्यात संडासला लालभडक रक्त पडायला लागलं. घराजवळच्या एका सर्जनने बोट घालून बघितलं, म्हणाले मूळव्याध आहे, परवाच ऑपरेशन करून टाकू. लिव्हरची फाईल समोर टेबलावर होती, उघडली पण नाही. मला अजून त्याचा राग येतो. नशीब की गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले थांबा, सिरॉसिसमध्ये गुदाशयातल्या शिरा पण फुगतात, मूळव्याध समजून त्या कापल्या तर रक्त आवरणार नाही, आधी आतून डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. त्यांनीच इथली चिठ्ठी दिली.

सकाळी एनिमा दिला, भूल वगैरे काही नाही, डाव्या कुशीवर झोपवलं आणि बोटाएवढा जाड प्रोब जेल लावून आत घातला. बाबा खूप संकोचले होते पण सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम सारख्या "काका, दुखलं तर लगेच सांगा हं" म्हणत होत्या आणि मलाही आत थांबू दिलं. प्रोब एकदम हलक्या हाताने धरला होता, विचारलं तर म्हणाल्या जोरात दाबला की शिरा चपट्या होतात आणि मग दिसतच नाहीत. स्क्रीनवर गुदाशयाच्या भिंतीत काळे गोल गोल ठिपके दिसले, कलर डॉपलर चालू केल्यावर त्यातच लाल-निळा रंग भरला, म्हणजे आत रक्त वाहतंय. लाल-निळा म्हणजे शुद्ध-अशुद्ध नाही बरं का, प्रोबकडे येणारं आणि लांब जाणारं रक्त, हे पण त्यांनीच सांगितलं. भिंतीच्या बाहेरच्या शिरा पण दिसल्या, त्या दुर्बिणीतून कशा दिसणार?

नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेतला दाब वाढतो, रक्ताला पुढे जायला जागा नाही मग ते गुदाशयाच्या शिरांमधून दुसरी वाट काढतं आणि त्या फुगतात. मूळव्याध वेगळी, ती गुदद्वाराच्या आतल्या नैसर्गिक गाद्यांची सूज, सिरॉसिसवाल्याला दोन्ही एकदम असू शकतं म्हणून नुसतं वरवर बघून ठरवायचं नाही.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला, शिरांची जाडी, जागा सगळं लिहिलेलं. एक स्टार कापतोय कारण अपॉइंटमेंट असून अडीच तास बसवलं, आणि एनिमा दिलेल्या पेशंटसाठी संडास एकच, तोही पॅसेजच्या पार टोकाला, म्हाताऱ्या माणसाचे फार हाल होतात, हे तेवढं प्लीज सुधारा.

ऑपरेशन रद्द केलं. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी त्या शिरेत ती बंद करणाऱ्या ग्लूचं इंजेक्शन दिलं, त्यानंतर रक्त पडलेलं नाही. इथे जाताना जुना एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांचे आकडे सोबत न्या, मॅडम आधी तेच विचारतात.